न पाहिलेला फ्लॅट

"आलीस माय? ये, ये. रात्रीपासून वाट बघून राहिलो तुमची."

असं म्हणत डोक्यावरून पदर घेतलेल्या एका ठेंगण्या बाईनं केतकीला फाटकातच मिठी मारली. मी रिक्षावाल्याकडून सुटे परत घेत होतो. वळून बघतो तर माझी बायको एका अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी, आणि ती बाई तिच्या पाठीवरून हात फिरवतेय.

मग मला अंगणातला लिंब दिसला. लिंबाखाली घोळका करून उभी असलेली चार-पाच माणसं, जमिनीवर पडलेले बांबू, पांढऱ्या कापडाची घडी आणि सुंभाचं भेंडोळं दिसलं. तळमजल्यावरच्या एका दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि आतून उदबत्तीचा वास येत होता. इथे कोणीतरी गेलं आहे, आणि आपल्याला त्या गेलेल्या माणसाचे नातेवाईक समजलं जातंय, हे माझ्या लक्षात आलं.

"अहो काकू, आम्ही त्यांचे..."

"काही बोलू नका भाऊ आता," काकू म्हणाल्या. "आधी त्यांना पाणी पाजा. बोलायला उभा जन्म पडलाय."

मी केतकीकडे पाहिलं. ती सांगेल असं मला वाटलं. बोलायच्या कामी ती माझ्यापेक्षा केव्हाही पुढे. पण तिनं डोळे पुसले, चपला काढल्या आणि त्या बाईचा हात धरून आत गेली. माझी बायको रडत का होती, तेच मला कळेना.

खरं म्हणजे आम्ही फ्लॅट बघायला आलो होतो.

ही गोष्ट जुनी आहे. तेव्हा मोबाइल म्हणजे साहेबलोकांची चीज होती आणि नाशिकचा पाथर्डी फाटा म्हणजे गावाबाहेर. फाट्याच्या अलीकडे 'श्रमसाफल्य' नावाची दोन मजली इमारत होती आणि तिच्यातला वरच्या मजल्यावरचा उजव्या हाताचा फ्लॅट विकायला होता. लोखंडे नावाचा एजंट आम्हाला फाटकापाशी भेटणार होता. मी त्यासाठी कारखान्यातून रजा काढली होती, पांढरा शर्ट घातला होता आणि हातात एक पिशवी होती. बाहेरगावाहून आलेला पुतण्या दिसायला आणखी काय लागतं?

घर शोधता शोधता आम्ही अर्धं नाशिक पालथं घातलं होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. खिशात कायम स्टीलची टेप. प्रत्येक फ्लॅटमध्ये शिरलं की मी आधी हॉल मोजायचो, मग ओटा, मग नळाची जमिनीपासूनची उंची. एजंट लोक माझ्याकडे दयेनं बघायचे. केतकी मात्र फ्लॅटमध्ये फारशी रमायचीच नाही. ती जिन्यात उभी राहायची, शेजारच्या दारावरच्या पाट्या वाचायची, खाली येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघून हसायची आणि कोणी उलट हसतंय का ते बघायची. घरी परतताना तिचा प्रश्न एकच असायचा.

"भास्कर, अर्ध्या रात्री गरज पडली तर इथे दार कुणाचं वाजवायचं?"

या प्रश्नाला कारण होतं. आमचं लग्न दोन्ही घरांना मान्य नव्हतं. रजिस्टर पद्धतीनं केलं, सह्यांना मित्र आले, आणि त्यानंतर आमच्या भाड्याच्या खोलीची पायरी दोन्हीकडच्या एकाही माणसानं चढली नाही. त्यातच मी एकदा कंपनीच्या कामाला बाहेरगावी असताना केतकीला सडकून ताप भरला. उठवेना, तेव्हा तिनं पडल्या पडल्या शेजारची भिंत ठोठावली. पलीकडे टीव्ही चालू होता. तिनं ठोठावलं तसा टीव्हीचा आवाज वाढला. मी परत आलो तेव्हा ती पाण्याच्या तांब्यापर्यंत सरपटत जाऊन तिथेच झोपलेली होती. तेव्हापासून हॉल केवढा आणि ओटा केवढा, यात तिला रस उरला नाही.

म्हणून मी गंगापूर रोडच्या बाजूला तिला एक झकास फ्लॅट दाखवला, टाइल्स अशा की आरसा नको, तेव्हा तिनं समोरच्या दाराची बेल वाजवली. दारातलं भिंग आधी काळं झालं, मग पुन्हा उजळलं. दार काही उघडलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी माणसं फार गोड होती, पण सगळी नोकरीवाली. दिवसभर इमारतीत फक्त कुलपं. मी चिडून म्हणालो, "तू घर शोधतेयस की माणसं?" ती म्हणाली, "तेच तर." आणि त्यावर आमचं दोन दिवसांचं भांडण झालं.

त्या वर्षी तिच्या माहेरून एक निरोपही आला होता. तोही उशिरा, तोही तिऱ्हाइताकडून. त्याबद्दल ती माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. मी दोनदा विचारलं, तर तिनं दोन्ही वेळा भाजी काय करू म्हणून विचारलं. मग मी विचारणं सोडून दिलं.

तर तात्यांच्या खोलीत मी गेलो. गेलेल्या गृहस्थांचं नाव तात्या उपासनी, हे तिथे कुजबुजीतून समजलं. सरकारी नोकरीतून निवृत्त, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. बडोद्याला एक पुतण्या होता. त्याला रात्री फोन केला होता आणि तो बायकोला घेऊन निघतो म्हणाला होता. जमिनीवर पांढऱ्या चादरीत लांबोडक्या चेहऱ्याचे, सडपातळ म्हातारे झोपले होते. कपाळावरची आठी जशीच्या तशी होती. हे आता उठतील आणि मला विचारतील, तुम्ही कोण, असं मला वाटून गेलं. पण काकूंनी तुळशीचं पान हातात दिलं, आणि मी त्यांच्या ओठांवर पाणी सोडलं. माझ्यानंतर केतकीनं सोडलं. 

बाहेर आलो तर अंगणात वाद चालला होता.

"बांबू लांब आहे रे."

"काप मग."

"किती कापू? अंदाजानं कापला आणि आखूड पडला म्हणजे?"

"म्हणजे तात्या उठून भांडतील."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. माझा हात आपोआप खिशात गेला. "द्या इकडे," मी म्हणालो, टेप ओढली, आणि कुठे कापायचं त्या खुणा करून दिल्या. फ्लॅट मोजायला आणलेल्या टेपनं मी तिरडी मोजली. माणसं समाधानानं कामाला लागली. कोणी मला नाव विचारलं नाही. मी सुंभ ताणून धरत होतो, ते गाठी मारत होते, आणि तात्यांबद्दल बोलत होते.

मला वाटलं होतं, आता गुणगान ऐकायला मिळेल. कसलं काय! तात्यांचं इमारतीत कुणाशी म्हणून पटलं नव्हतं. दूधवाल्याला ते रोज वाटीत दूध ओतून दाखवायला लावायचे. पोरांचा चेंडू दारात आला की जप्त. गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवरून बोरसे काकूंशी म्हणजे मघाच्या त्या बाईंशी एक पूर्ण उन्हाळा अबोला. आणि सर्वांत मोठं भांडण पहिल्या मजल्यावरच्या दुसाने यांच्याशी. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह तात्यांच्या दाराशेजारी होता. तो किती फिरवायचा यावरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. वर्षानुवर्षं एकमेकांशी शब्द नाही. बोलायचंच झालं तर मध्ये निकुंभ लागायचे. निकुंभ म्हणजे इमारतीचे बिनपगारी कारभारी. समोरासमोर उभे असले तरी तात्या म्हणायचे, "निकुंभ, त्यांना सांगा, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही." आणि दुसाने म्हणायचे, "निकुंभ, त्यांना सांगा, व्हॉल्व्ह त्यांच्या तीर्थरूपांचा नाही."

हे सगळं सांगणारे हात मात्र थांबत नव्हते. एकानं मडकं आणलं होतं, एकानं गोवऱ्या, एकजण सायकलवरून फुलं घेऊन आला. ज्याच्याशी कुणाचं पटत नव्हतं त्या माणसासाठी कुणी कामाला गेलं नव्हतं, निदान ज्यांना रजा मिळाली ते तरी. दुसाने भिंतीला टेकून उभे होते. काटकुळे, पांढऱ्या मिशांचे. ते एकटेच काही बोलत नव्हते आणि काही करतही नव्हते.

तेवढ्यात निकुंभ फोनच्या बूथवरून परत आले. उंचेपुरे, घामेजलेले. रुमालानं मान पुसत म्हणाले, "पुतण्या येत नाही."

"म्हणजे?"

"बडोद्यालाच आहे. निघालाच नाही. सुट्टी नाही म्हणतो. म्हणाला, तुम्हीच उरकून घ्या."

सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. माझ्या एका हातात सुंभ होता आणि दुसऱ्या हातात टेप.

"मग हे कोण?" निकुंभांनी विचारलं.

"मी सांगळे," मी म्हणालो. "आम्ही ते... वरचा फ्लॅट बघायला आलो होतो. लोखंडे एजंट येणार होते."

लिंबावर एक कावळा ओरडला, त्यानंही मला दचकायला झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याची वेळ माझ्यावर त्याआधी आणि त्यानंतर कधीच आलेली नाही. बोरसे काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा आत केतकीकडे पाहिलं.

"आणि पाणी पाजलंत?" गाठ मारणाऱ्यानं विचारलं.

"पाजलं."

निकुंभ माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता फाटक दाखवणार. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, स्वतःच्या खांद्याशी उंची ताडून पाहिली आणि म्हणाले, "बरं झालं आलात. पहिल्या पाळीची माणसं अजून सुटायची आहेत. खांद्याला एक माणूस कमी पडत होता. जमतंय तुमचं माप."

बस्स, एवढंच. चौकशी नाही, माफी नाही, उपदेश नाही. माझ्यासारख्या मापाच्या माणसाला यापेक्षा मानाचा शब्द कोणी दिलेला नाही.

पण पुढचा प्रश्न उरलाच. तिरडी बांधून झाली, तात्यांना बाहेर आणलं, हार घातला, गुलाल झाला. मडक्यात विस्तव घातला. ते मडकं घेऊन पुढे चालायला घरचं माणूस लागतं आणि घरचं माणूस बडोद्याला होतं. निकुंभ इकडेतिकडे बघू लागले. "मीच धरतो," म्हणून ते वाकले.

"थांबा."

दुसाने भिंतीपासून सुटून पुढे आले. तिरडीपाशी येऊन उभे राहिले. तात्यांच्या चेहऱ्याकडे, त्या कपाळावरच्या आठीकडे त्यांनी नीट बघितलं. मग ते तात्यांकडेच बघत म्हणाले,

"निकुंभ, त्यांना सांगा, मडकं मी धरतो."

निकुंभांसारखा आडमाप माणूस. पण त्यांनाही ते सांगता येईना. त्यांनी नुसतं तात्यांच्या कानाशी वाकल्यासारखं केलं आणि रुमाल तोंडाला लावला. बोरसे काकू हुंदका देऊन आत वळल्या. दुसाने यांनी मडकं उचललं आणि कुणाचीही वाट न बघता फाटकाच्या दिशेनं चालू लागले. आम्ही तिरडी खांद्यावर घेतली. माझ्यापुढे निकुंभ होते. ओळखीचा एक माणूस नसताना, पाठीमागे कोण आहे ते माहीत नसताना, मी एका अनोळखी म्हाताऱ्याला खांदा देत चाललो होतो, आणि मला काहीही परकं वाटत नव्हतं. आजही मी त्या माणसांचा विचार करतो तेव्हा माझी मान आपोआप झुकते. चांगल्या माणसाचं चांगलं करणारे पुष्कळ भेटतात. भांडकुदळ माणसाचं इतकं नीट करणारे मी तिथेच पाहिले.

परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. फाटकाशी बादली ठेवलेली होती. पायांवर पाणी घेतलं, लिंबाचं पान चावून थुंकलं, आणि तात्यांच्या दारात आलो. आत बायका बसल्या होत्या. फरशी पुसून घेतलेली, कोपऱ्यात पिठावर समई. आणि भिंतीशी ओळीनं झाकलेली ताटं, डबे, पातेली.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्या माणसांना आग्रह करून खाऊ घालतात. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. श्रमसाफल्यमधल्या प्रत्येक घरातून पिठलं-भाकरी आली होती.

"हाताला शिकवावं लागतं का?" बोरसे काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मयत झालं की बेसन कालवायचं. भाकरी तव्यावर पडली तेव्हा डोक्यात उजेड पडला, खायला घरचं कोण आहे? आता एवढं करून ठेवलं, आणि बसायला माणूस नाही."

"गाईला घालू," एकजण म्हणाली.

"गाईला घालूच. पण पहिला घास घरच्या माणसानं खाल्ला की दुःख खाली बसतं. तात्यांसाठी बसणारं कुणीच नाही, हे काही बरं नाही वाटत."

केतकी खाटेच्या कडेला बसली होती. तिच्या पायाशी खाटेखालून ओढून काढलेली एक बादली होती, जप्त केलेल्या चेंडूंनी काठोकाठ भरलेली. ती एक चेंडू हातात फिरवत होती. तो तिनं बादलीत ठेवला.

"मी बसते," ती म्हणाली. "मला वाढा."

"तू?" काकू दचकल्या. "नको माय. तुझा काय संबंध? तुम्ही घर बघायला आलेली माणसं, ते आता कळलं आम्हाला. नव्या घराच्या तोंडाशी आहेस. कडू घास असा मागून घेत नाहीत."

"माझे बाबा गेले," केतकी म्हणाली. "थंडीत. मला चौथ्या दिवशी कळलं. मला कोणी बोलावलं नाही. मी गेले तर दारातून परत पाठवलं, म्हणाले, तुझा काय संबंध."

ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. ती माहेरी जाऊन आली होती, हे मला त्या क्षणी कळलं. कारखान्यातून घरी आलो असेन, तिनं भाजी काय करू म्हणून विचारलं असेल, आणि त्या दिवशी ती त्या दारातून परत आलेली असेल.

"मला कोणी घास दिला नाही," ती म्हणाली. "मी घरी येऊन रोजच्यासारखा स्वयंपाक केला. कुकर लावला. मी तेव्हापासून रोज जेवतेय काकू, पण मला तो घास दिलेला नाही कोणी."

बोरसे काकू उठल्या, पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. ताटात भाकरी घेतली, तिच्यावर पिठलं वाढलं. "बस," म्हणाल्या.

केतकी पाटावर बसली. तिनं घास केला, पण तो तोंडापर्यंत जाईना. हात ताटावरच थांबला. काकूंनी तिच्या हातातला घास काढून घेतला आणि लहान पोराला भरवावा तसा तिला भरवला. "गीळ माय," त्या म्हणाल्या. "गीळ, गीळ. होतं. गिळवतं."

आणि मग केतकी रडली. माझ्या बायकोला इतकं मोठ्यानं रडताना मी पाहिलंच नव्हतं. वडील गेल्याचं रडू तिनं इतके महिने कुठे ठेवलं होतं कोण जाणे. ती रडत होती आणि काकू तिला भरवत होत्या. मध्येच पदरानं तिचं तोंड पुसत होत्या, मध्येच स्वतःचं. बाकीच्या बायकांपैकी कुणी "उगी" म्हणालं नाही. त्यांनी तिला पोटभर रडू दिलं.

दुसाने दारात उभे होते. ओल्या पायांनी ते आत आले आणि केतकीशेजारी जमिनीवरच बसले.

"मलाही वाढा," म्हणाले. "मडकं धरलंय मी."

मग मीही बसलो. खांदा दिला होता. नंतर निकुंभ बसले. पिठल्यात मीठ अंमळ जास्त होतं, आणि तरीही त्या दिवसाइतकं मी पिठलं कधी खाल्लेलं नाही.

हात धुवायला बाहेर आलो तर लोखंडे! स्कूटर बाजूला लावून, कपाळावर हात मारत.

"साहेब, होता कुठं? मी सकाळपासून कोपऱ्यावरच्या टपरीला उभा आहे, तुम्हाला अडवायला. इथं असं झालेलं, म्हटलं, फाटकातून आत जायला नको. तुम्ही आलात कुठून?"

"मागच्या रस्त्यानं," मी म्हणालो.

त्यानं मला बाजूला घेतलं. "साहेब, मनाला लावून घेऊ नका. आजचा मुहूर्तच चुकला. इंदिरानगरात याच्यापेक्षा भारी साइट आहे. चला, आत्ताच दाखवतो. ताईंना बोलवा."

ताई मागे येऊन उभ्याच होत्या. डोळे सुजलेले, नाक लाल, पदराला पिठलं लागलेलं.

"लोखंडे," ती म्हणाली, "हाच घेऊ."

"कोणता?"

"वरचा."

"अहो ताई, चावी माझ्याकडं आहे. तुम्ही अजून बघितलाच नाही."

"नंतर बघू," केतकी म्हणाली.

लोखंडेनं आशेनं माझ्याकडे पाहिलं. नळाची उंची मोजणारा माणूस आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल, असं त्याला वाटलं असावं. मी खिशातली टेप चाचपली. तिला सुंभाचे दोन तंतू चिकटले होते.

"हाच घेऊ," मी म्हणालो.

परतीच्या रिक्षात मुंबई नाका जवळ आला तेव्हा मी विचारलं, "काकूंना तू फाटकातच का नाही सांगितलंस, की आम्ही ते नव्हे म्हणून?"

ती बाहेर बघत होती. "सांगणारच होते. पण त्या 'आलीस माय' म्हणाल्या ना. मला दारात असं कोणी म्हटल्याला किती दिवस झाले होते. मला वाटलं, थोडा वेळ राहू द्यावं."

मी तिचा हात हातात घेतला. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे म्हटलं.

फ्लॅट आम्ही बघितला तो ताबा घेतला तेव्हा. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत होती, त्यामुळे भरदुपारी दिवा लावावा लागे. न्हाणीघराचं दार आत उघडायचं, आणि ते उघडलं की बादली बाहेर काढावी लागायची. नळ तर अशा उंचीवर की कळशी कशी ठेवायची, हा प्रश्न मी अजून सोडवतोय. कारखान्यातला नग असता, तर तो फ्लॅट मी त्या क्षणी रिजेक्ट केला असता. केतकी एकेक खोली बघत फिरली आणि शेवटी म्हणाली, "छान आहे." तिला काय छान दिसलं ते मी विचारलं नाही.

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं दार कोणीतरी धडाधड वाजवायला लागलं. अजून सामान बांधलेलं होतं, आम्ही जमिनीवर अंथरुणं टाकून झोपलो होतो. मी धडपडत उठलो, दार उघडलं. समोर बनियनवर दुसाने. मिशा फुललेल्या, डोळे वटारलेले.

"टाकीचा व्हॉल्व्ह कोणी फिरवला?"

"मी," मी म्हणालो. "पाणी येत नव्हतं, म्हणून काल रात्री जरासा..."

"जरासा? व्हॉल्व्ह काय तुमच्या तीर्थरूपांचा आहे? माझ्याकडे थेंब नाही! काल राहायला आलात आणि आज व्हॉल्व्ह फिरवता?"

ते असे कडाडत होते की खाली निकुंभांचं दार उघडल्याचा आवाज आला. पण त्यांच्या चेहऱ्यावर रागाइतकंच दुसरंही काहीतरी होतं. महिनाभर त्या इमारतीत त्यांच्याशी व्हॉल्व्हवरून भांडणारं कोणी उरलं नव्हतं. मी मागे वळलो.

केतकी अंथरुणात उठून बसली होती. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप, आणि ती हसत होती. आमच्या लग्नानंतर आमचं दार पहिल्यांदाच कोणीतरी हक्कानं वाजवलं होतं.

"दुसाने काका, आत या," ती म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नंतर," दुसाने म्हणाले, आणि चपला काढून आत येऊन बसले. "आधी व्हॉल्व्हचं बोला."